गौरीचीं पाउलें कोणाचीं ?

एका वाचक भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्या लिहितात कीं, त्यांचें घर चौदा माणसांचें. मुलगा सात वर्षांचा. भाद्रपदांत आजीनें त्यास उंबऱ्यापासून देवघरापर्यंत उमटलेलीं पाउलें दाखवून सांगितलें कीं, गौर चालत घरांत आली. पुढें नाताळच्या सुमारास तो शाळेंतून ऐकून आला कीं, सांताक्लॉज नांवाचा एक म्हातारा रात्रीं येऊन मुलांच्या उशाशीं भेटी ठेवून जातो. तेव्हांपासून तो आईला रोज विचारतो, "यांतलें खरें कोणतें?" सासूबाईंचें म्हणणें, मुलांस सारें उघड करून सांगूं नये, सणाचा रस जातो. दिरांचें म्हणणें, मुलांशीं एक अक्षरही खोटें बोलूं नये. काय तें एकदां सांगून मोकळें व्हावें. दोघेंही वडील, दोघांचाही मान राखावयाचा, आणि मूल तर उत्तरासाठीं पदर ओढीत उभें. "मी काय सांगूं?" असें या भगिनी विचारतात.

पत्र चार ओळींचें आहे, परंतु प्रश्न चार ओळींचा नाहीं. आम्हीं तीस वर्षें शाळेंत संस्कृत आणि मराठी शिकविलें. मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देणें हाच आमचा व्यवसाय होता. असें असतां नेमक्या याच प्रश्नापुढें आमची एकदां कशी फजिती झाली, तें आधीं सांगतों, मत मागाहून. ज्यानें ठेंच खाल्ली त्यानें वाट सांगावी, हें बरें.

गोष्ट कांहीं वर्षांपूर्वींची. त्या भाद्रपदांत आमची थोरली सून एका शस्त्रक्रियेनंतर शहरांतील रुग्णालयांत होती आणि थोरले चिरंजीव तिच्यापाशीं होते. घरीं आम्ही दोघें, धाकटा मुलगा, धाकटी सून, आणि थोरल्याचीं दोन मुलें : नात आठ वर्षांची, नातू चार वर्षांचा. घरांत काळजी होती, तरी कुळाचार चुकूं नये म्हणून गौरींची तयारी चालू होती. गौरी बसविण्याची रीति घरोघर निराळी. कोंकणांतून आलेल्या पुष्कळ घरांत पाणवठ्यावरून पांच किंवा सात खडे आणून त्यांची पूजा होते. देशावर मुखवट्यांच्या उभ्या गौरी मांडतात. कोठें तेरड्याच्या रोपांची गौर करतात. वऱ्हाड-मराठवाड्यांत त्यांनाच महालक्ष्म्या म्हणतात. परंतु अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन हा क्रम एकच, आणि आवाहनाच्या दिवशीं दारापासून आंतपर्यंत पाउलें हीं हवींतच.

त्या पाउलांवर आमच्या नातीनें शाळेंत पैज लावली होती. मैत्रीण म्हणाली, "पाउलें घरच्या बायकाच काढतात." आमची नात म्हणाली, "गौर स्वतः चालत येते. आमच्या आजोबांनीं सांगितलें आहे, आणि आमचे आजोबा खोटें बोलत नाहींत." पैज रंगीत पेन्सिलींच्या एका डबीची होती.

आवाहनाच्या दिवशीं दुपारीं शाळा लवकर सुटली आणि नात वेळेआधीं घरीं आली. माजघरांत तिची आजी गुडघे टेकून बसली होती. शेजारीं वाटींत तांदळाचें पीठ पाण्यांत कालवलेलें. मूठ मिटायची, करंगळीकडची कड पिठांत बुडवायची, फरशीवर टेकवायची, आणि वर बोटाच्या टोकानें पांच ठिपके द्यायचे, झालें पाऊल. मग त्यावर हळदकुंकवाचें बोट. नातीनें दारांत उभें राहून हें सारें पाहिलें, कांहीं बोलली नाहीं, आणि दप्तर न ठेवतांच ओटीवर आमच्याकडे आली.

"आजोबा, पाउलें आजी काढते आहे."

"हो," आम्ही म्हणालों.

"तुम्हीं मागच्या वर्षी सांगितलें होतें, गौर चालत येते."

आतां यावर सरळ बोलावयाचें कीं नाहीं? परंतु आम्ही पडलों शिक्षक. हरण्याची संवय नाहीं. आम्ही हंसून म्हणालों, "अग, हात आजीचा, पण काढते गौरच." उत्तर दिसावयास गोमटें, परंतु तें तिच्या प्रश्नाचें नव्हतें. तिला तें कळलें. ती थोडा वेळ खांबाला नख लावीत उभी राहिली आणि मग खालच्या आवाजांत म्हणाली, "मग आई चार दिवसांनीं येणार, हेंही तुम्हीं तसेंच सांगितलें का?"

वाचकहो, इतक्या वर्षांत शाळा तपासनिसांच्या प्रश्नांनीं आम्हांस कधीं घाम फुटला नव्हता. तो त्या वेळीं फुटला. कारण तें आम्हीं तसेंच सांगितलें होतें. डॉक्टरांनीं तीन आठवडे सांगितले होते. मुलगी रडूं नये म्हणून आम्हीं "चार दिवस" म्हटलें, आणि ते चार दिवस परवांच भरले होते. गेल्या दोन रात्रीं ती दचकून उठून बसत होती, आणि आम्ही तें पोटाच्या तक्रारीवर घालवीत होतों.

आम्हीं तिला जवळ घेतलें आणि सांगितलें, "तें आमचें चुकलें. तुझ्या आईला घरीं यायला अनंतचतुर्दशी होऊन तीन दिवस तरी लागतील. तोही डॉक्टरांचा अंदाज आहे. एकदोन दिवस इकडेतिकडे होतील. तिची प्रकृति सुधारते आहे, हें मात्र खरें. तें डॉक्टरांनीं सांगितलें आहे, आम्हीं रचलेलें नाहीं." ती पुष्कळ रडली. मग डोळे पुसून उठली, भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली, आणि तो दिवस कोणता हें बोट ठेवून दाखवावयास लावलें. तेथें तिनें पेन्सिलीनें फुली केली. त्या रात्रीं ती उठली नाहीं.

फुली करून झाल्यावर तिनें दुसरा प्रश्न काढला. "मग गौर खरी कीं खोटी?" या खेपेस आम्ही सावध होतों. आम्ही म्हणालों, "पाउलें आजीचीं, मुखवटे पितळेचे, आणि नेसवलेलें लुगडें तुझ्या पणजीचें. हें सारें आपण करतों. पाहुणा येणार म्हणून जसें घर सजवतों, तसें. आवाहन या शब्दाचा अर्थच बोलावणें. आपण बोलावलें कीं ती येते, अशी आजीची आणि आमची श्रद्धा आहे. तुला काय वाटतें, तें तूं मोठी झालीस कीं ठरव. पण पाउलें कोणीं काढलीं असें विचारशील, तर तीं आजीनें काढलीं."

तोंवर आजी पिठाच्या हातांनीं बाहेर आली होती. तिनें नातीची मूठ हातांत धरून उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "माझी मूठ आतां सांध्यांनीं फुगली आहे, गौरीचें पाऊल हत्तीचें दिसतें. तुझी मूठ बेताची आहे. हात धुऊन ये." नातीनें स्वयंपाकघरापासून कोठीपर्यंतचीं सारीं पाउलें काढलीं. काढतां काढतां तिला धाकट्या भावाची आठवण झाली. "आजी, बाळानें विचारलें तर मी काय सांगूं?" आजी म्हणाली, "खेळायला विचारील तर खेळ. खरें विचारील तर खरें सांग." "पण तो कसें विचारतो तें मला कसें कळणार?" "तोंडाकडे पाहिलें कीं कळतें."

आमच्या सहधर्मचारिणीनें शिक्षणशास्त्राचें पुस्तक कधीं उघडलेलें नाहीं. परंतु आमच्या वाचक भगिनींच्या पत्राचें जें उत्तर आम्ही देणार आहों, तें सारें या एका वाक्यांत आहे. पुढें लिहितों तो केवळ त्याचा विस्तार.

संध्याकाळीं धाकट्या सूनबाई मुखवटे घेऊन दाराशीं आल्या. उंबऱ्यावर आजीनें रीतीप्रमाणें विचारलें कीं, गौर कोणत्या पाउलांनीं आली. आणि सूनबाईंनीं सोन्यामोत्यांच्या पाउलांनीं आली म्हणून उत्तर दिलें. घरोघर हें चालतें. परंतु कोणी क्षणभर थांबून पाहावें. विचारणारीनेंच दुपारीं पीठ कालवून पाउलें काढलेलीं असतात. उत्तर देणारीला तें ठाऊक असतें. ऐकणाऱ्या बायकांसही तें ठाऊक असतें. मग येथें कोण कोणाला फसवीत आहे? कोणीच नाहीं. सर्वजणीं मिळून जाणूनबुजून एक मनोहर गोष्ट उभी करीत आहेत. नातू एकेका पाउलावर आपला पाय ठेवीत मागून चालला होता. त्यानें विचारलें, "ताई, गौर पळत आली कीं चालत?" ताईनें त्याच्या तोंडाकडे पाहिलें आणि गंभीरपणें सांगितलें, "चालत. पळत आली असती तर पाउलें लांब लांब पडलीं असतीं." हें ती खोटें बोलली काय? आमच्या मतें नाहीं. ती खेळली.

खेळ आणि खोटें यांतील हा भेद आमच्या शास्त्रकारांनीं फार पूर्वीं ओळखला होता. नवव्या शतकांत काश्मीरांत शंकुक नांवाचा साहित्यशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाहीं, परंतु अभिनवगुप्तानें आणि मम्मटानें त्याचें मत नोंदून ठेविलें म्हणून तें टिकलें. रामाचें सोंग घेतलेल्या नटाकडे पाहतांना प्रेक्षकास काय वाटतें, हा त्याचा प्रश्न. हा खराखुरा राम, असें कोणी समजत नाहीं. आधीं राम वाटला आणि मग भ्रम फिटला, असेंही होत नाहीं. हा राम कीं दुसरा कोणी, असा संशयही नसतो. आणि हा केवळ रामासारखा दिसतो, एवढ्यावरही मन थांबत नाहीं. चित्रांतील घोड्यास आपण जसें सहज घोडा म्हणतों, तशी ही या चोहोंहून वेगळी प्रतीति आहे. यासच चित्रतुरगन्याय म्हणतात. नैयायिकांनीं यासारख्याच जाणिवेस 'आहार्य ज्ञान' असें नांव दिलें. म्हणजे वस्तु तशी नाहीं हें ठाऊक असतां, इच्छेनेंच तशी मानलेली. मुलांस हें शिकवावें लागत नाहीं. काठीस घोडा करून अंगणभर दौडणारें मूल त्या काठीपुढें हरभरे ठेवतें, परंतु ते खात नाहीं म्हणून रडत बसत नाहीं.

म्हणून सासूबाईंस जी भीति वाटते, कीं खरें कळलें तर सणाचा रस जाईल, ती आम्हांस निराधार वाटते. गोव्यांत नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीं ठिकठिकाणीं मुलें आणि तरुण मिळून गवत, कागद आणि बांबू यांचा अक्राळविक्राळ नरकासुर उभा करतात आणि पहांटे तो जाळतात. ज्यानें स्वतःच्या हातानें त्या राक्षसास कागदाचे दांत चिकटविले, त्याला तो कागदाचा आहे हें का ठाऊक नसतें? तरी तो जळतांना सर्वांत मोठा आरडाओरडा त्याचाच. आपल्याकडे अभ्यंगस्नान करून पायाच्या अंगठ्यानें कारीट फोडतात. कारीट म्हणजे नरकासुर नव्हे, हें पांच वर्षांचें पोरही जाणतें, आणि तरी तें मोठ्या त्वेषानें टांच मारतें. तामिळ मुलखांत गोकुळाष्टमीला बाळकृष्णाचीं इवलालीं पाउलें उंबऱ्यापासून देवापर्यंत काढतात. तींही तांदळाच्या पिठाचीं आणि मिटल्या मुठीचींच. आणि आपला गणपति? त्या पूजेस पार्थिव गणेशाची पूजा म्हणतात. पार्थिव म्हणजे मातीचा. मूर्ति मातीची आहे हें शास्त्र लपवीत नाहीं. मातींतच आवाहन करावयास आणि मग ती पाण्यांत सोडावयास सांगतें. जें शास्त्रानें लपविलें नाहीं, तें आपण मुलांपासून कां लपवावें?

तथापि सर्वच कल्पित पात्रें एका मापानें मोजूं नयेत. गौरीच्या पाउलांत आनंद आहे. बागुलबुवांत धाक आहे. आमच्या हातून घडलेला दुसरा अपराध येथें सांगतों. आमचे थोरले चिरंजीव लहानपणीं जेवावयास फार त्रास देत. तेव्हां आम्ही माळ्याकडे बोट करून म्हणत असूं, "जेव, नाहींतर बागुलबुवा उतरेल." घास उतरे, काम होई. पुढें बारा वर्षांचे होईपर्यंत ते अंधारांत एकटे परसांत जात नसत, आणि त्याबद्दल आम्हीच त्यांस भित्रा म्हणून हिणवीत असूं. ते स्वतः बाप झाल्यावर एकदां म्हणाले, "दादा, त्या माळ्याखालून जातांना अजून मान आपोआप वर होते." दोरीचा साप दिवा आणतांच नाहींसा होतो, असें वेदांती सांगतात. योगवासिष्ठांत आपल्याच कल्पनेनें निर्मिलेल्या वेताळास भिणाऱ्या बालकाचा दृष्टांत पुन्हांपुन्हां येतो. परंतु तेथें वेताळ बालकानें स्वतः निर्मिलेला असतो. येथें तो बापानें आणून माळ्यावर बसविला होता. मुलानें दिवा आणावा तरी कसा, जर दिवा ज्याच्या हातीं तोच साप दाखवितो?

याच जातीचीं दुसरीं भयें घरोघर आहेत. "डॉक्टर सुई टोंचतील", "पोलीस पकडून नेईल", "गोसावी झोळींत घालील". यांत तर दुप्पट अन्याय. खोकल्यानें बेजार झालेलें मूल मग डॉक्टरांस छातीला नळी लावूं देत नाहीं. गर्दींत चुकलेलें मूल पोलिसापाशीं जाण्याऐवजीं त्याच्यापासून पळतें. आणि दारीं आलेला भुकेला माणूस विनाकारण राक्षस ठरतो. हीं पात्रें खेळाचीं नव्हेत. तीं आमच्या आळसाचीं आहेत. मुलास समजावण्यास लागणारा वेळ वांचावा म्हणून आम्ही तीं उभीं करतों. तीं आजच घराबाहेर काढावींत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार याहून नाजूक. मूल मनापासून, शोध घेण्याच्या बुद्धीनें विचारतें, आणि आम्ही भक्तीच्या भरांत उत्तर देतों. २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस पुष्कळ वाचकांस आठवत असेल. गणपति दूध पितो, ही वार्ता त्या दिवशीं देशभर, नव्हे परदेशांतही पसरली. नववीच्या मुलांनीं आम्हांस विचारलें, "सर, हें खरें का?" आम्हीही दुपारच्या सुटींत चमचा घेऊन देवळापुढच्या रांगेंत उभे राहिलों. चमच्यांतील दूध डोळ्यांदेखत कमी झालें. आम्हीं वर्गांत येऊन सांगितलें, "पितो खरा." दुसऱ्या दिवशीं विज्ञान शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनीं मेजावरचा एक साधा दगड ओला केला, भरलेला चमचा त्यास टेकविला, आणि दगडही दूध पितांना दाखविला. द्रवाच्या पृष्ठताणामुळें आणि केशाकर्षणामुळें दूध चमच्याच्या कडेवरून ओढलें जातें आणि पातळ थरानें खालीं ओघळतें. शास्त्रज्ञांनींही रंगीत दूध वापरून हा ओघळ लोकांस दाखवून दिला. मुलें आमच्याकडे पाहून हंसलीं नाहींत, हा त्यांचा चांगुलपणा. आम्हीं त्यांची क्षमा मागितली. यानें कोणाची गणेशभक्ति उणी झाली नाहीं, आमचीही नाहीं. परंतु श्रद्धा एक आणि चमच्यांतील दूध एक, हें त्या मुलांस कळलें, आणि त्यांच्या गुरुजींस तर त्यांच्याहून अधिक कळलें.

आतां सांताक्लॉजकडे वळूं. नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेंतून आला. सांताक्लॉज मात्र मूळचा चवथ्या शतकांतील संत निकोलस. आजच्या तुर्कस्तानांत मायरा नांवाचें गांव होतें, तेथील तो धर्माध्यक्ष. त्याची एक आख्यायिका आपल्या घरांतील मुलांस सहज समजेल. एका गरीब बापास तीन मुली होत्या आणि हुंड्यावांचून त्यांचीं लग्नें अडलीं होतीं. निकोलसनें रात्रीच्या अंधारांत त्यांच्या घरांत सोन्याचीं पुरचुंडीं टाकलीं आणि आपलें नांव कळूं दिलें नाहीं. ६ डिसेंबर हा त्याचा स्मृतिदिन. डच लोक त्यास सिंटरक्लास म्हणतात. त्यावरून अमेरिकेंत सांताक्लॉज झाला. त्याची आठ सांबरांची गाडी १८२३ मध्यें छापलेल्या एका कवितेनें लोकप्रिय केली. त्याचा गुबगुबीत देह आणि दाढी थॉमस नास्ट या चित्रकारानें १८६३ पासून काढलेल्या चित्रांनीं रूढ केली. आणि १९३१ पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनीं तें तांबड्या झग्याचें रूप जगभर नेलें. म्हणजे हाही पाउलांसारखाच अनेक हातांनीं काढलेला. त्याच्या मुळाशीं जें आहे त्यास आपल्याकडे गुप्तदान म्हणतात. संक्रांतीला तिळाच्या लाडवांत नाणें लपवून देणारी आजी ज्या मुलानें पाहिली आहे, त्यास निकोलस परका वाटणार नाहीं.

अमेरिकेंतही हाच प्रश्न एका मुलीनें विचारला होता. व्हर्जिनिया ओहॅनलन या आठ वर्षांच्या मुलीनें न्यूयॉर्कच्या 'सन' या वर्तमानपत्रास पत्र लिहून विचारलें कीं, सांताक्लॉज आहे कीं नाहीं? २१ सप्टेंबर १८९७ रोजीं त्या पत्रानें अग्रलेखांत उत्तर दिलें. योगायोग असा कीं, आमच्या दुधाच्या गोष्टीचीही तारीख तीच. उत्तराचा आशय असा होता कीं, प्रेम आणि औदार्य जसें जगांत आहे, तसाच सांताक्लॉजही आहे. लेखाखालीं लेखकाचें नांव नव्हतें. तो फ्रान्सिस चर्च यांनीं लिहिला होता, हें १९०६ मध्यें त्यांच्या मृत्यूनंतर जाहीर झालें. ती मुलगी पुढें शिक्षिका झाली, आणि तो लेख अजून आवडीनें वाचला जातो. लेख सुंदर आहे, यांत शंका नाहीं. परंतु आमच्या ओटीवरच्या प्रसंगानंतर आम्हांस तो वाचतांना किंचित् अडखळल्यासारखें होतें. "हात आजीचा, पण काढते गौरच" हें आमचें उत्तर त्याच जातीचें होतें. मुलीनें वडिलांचें वचन पारखावयास विचारलें असेल, तर काव्यानें तिचें समाधान होत नाहीं. औदार्य आहे, हें जरूर सांगावें. परंतु उशाशीं भेट कोणीं ठेविली, तेंही सांगावें.

तेव्हां वाचक भगिनींस आमचें उत्तर असें. सासूबाईंचें अर्धें खरें आहे आणि दिरांचेंही अर्धें खरें आहे. मूल खेळांत रमलें असेल तर स्वतः होऊन त्याचा खेळ मोडूं नये; पाउलांकडे पाहून तें टाळ्या पिटीत असतां त्यास पिठाची वाटी दाखविणें हा सत्याचा आग्रह नव्हे, अरसिकपणा आहे. परंतु तेंच मूल खेळ थांबवून, आपल्या तोंडाकडे पाहून "खरें सांग" म्हणेल, तर त्या क्षणीं खरेंच सांगावें. हंसण्यावारीं नेऊं नये. आपला मुलगा रोज तोच प्रश्न विचारतो आहे, यावरून त्याचा खेळ संपला आहे असें आम्हांस वाटतें. त्यास सांगावें कीं, पाउलें आजी काढते, भेटी घरचीं माणसें ठेवतात. आणि लगेच त्याच्या हातीं पिठाची वाटी द्यावी. ज्याचें गुपित काढून घेतलें त्यास गुपिताचा भागीदार करावें. म्हणजे तो कांहीं हरवल्याचें दुःख न करतां कांहीं मिळाल्याच्या आनंदांत राहील. घरांत चौदा माणसें आहेत, म्हणून वडील मंडळींनीं आधीं आपसांत एकवाक्यता करावी. आईनें एक आणि काकानें दुसरें सांगितलें, तर मूल दोघांसही खोटें ठरवितें. आणि आजार, मृत्यु, वियोग या गोष्टींत तर मुलांशीं कधींही सोयीचें बोलूं नये. माहीत असेल तितकें सांगावें, माहीत नसेल तर माहीत नाहीं म्हणावें. तेथें आमचा शब्द खरा ठरला तरच सणांतील आमचा खेळ त्यांस गोड लागतो.

असो. पैजेची पेन्सिलींची डबी आम्हीं आमच्या खर्चानें आणून नातीच्या मैत्रिणीस दिली. तो आमचा दंड होता. फुलीच्या दिवसानंतर दोन दिवसांनीं सूनबाई घरीं आल्या. गाडी दाराशीं लागली तेव्हां उंबऱ्यापासून त्यांच्या खोलीपर्यंत पांढरीं लहान पाउलें उमटलेलीं होतीं. त्या चिरंजीवांचा हात धरून, एकेका पाउलाशेजारीं पाय ठेवीत, हळूहळू आंत गेल्या. नातू मागें राहिला. त्यानें वांकून एका पाउलास बोट लावलें. पीठ अजून ओलें होतें. मग मान वर करून त्यानें बहिणीकडे पाहिलें आणि विचारलें, "ताई, खरें सांग, हीं कोणीं काढलीं?"

ताईनें क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलें, आणि आपली मूठ मिटून त्याच्यापुढें धरली.